तिकीट स्वस्त, भुर्दंड मोठा : सांबरा, कोल्हापूर, गोव्याहून विमानाने जाताना जादा पैसे कसे वाचवायचे?

बेळगाव : सीमाभागातल्या माणसाला विमान आता परकं राहिलेलं नाही. बंगळूरला परीक्षा, मुंबईला दवाखाना, दिल्लीला कामाचा कागद, नाहीतर पोटापाण्यासाठी दुबई-मस्कत. कारण काहीही असो, रात्रभर बसमध्ये अंग मोडून घेण्यापेक्षा तासा-दीड तासाचं विमान बरं, असा हिशोब आता शेतकरी आणि नोकरदारही करतात. मोबाईलवर तिकीट दिसतं अडीच-तीन हजाराचं. पैसे भरेपर्यंत ते साडेतीन-चार हजार होतं, आणि विमानतळाच्या काउंटरवर बॅग काट्यावर चढली की आणखी दोन हजार जातात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, त्यातला हा प्रकार.

हे जादा पैसे बहुतेक वेळा टाळता येतात. कुठला पैसा कुठल्या पायरीवर लागतो आणि नियम काय सांगतो, एवढं माहीत पाहिजे. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी, तसंच पलीकडच्या चंदगड, गडहिंग्लज, कागल भागातल्या वाचकांसाठी ही माहिती एकत्र दिली आहे.

जादा पैसे येतात कुठून?

पूर्वी विमानाच्या तिकिटात सामान, खाणं, सीट सगळं धरलेलं असायचं. कमी भाड्याच्या कंपन्यांनी तिकिटाचे तुकडे केले. मूळ भाडं फक्त तुम्हाला इथून तिथे नेण्याचं, बाकी प्रत्येक गोष्ट वेगळी. हे बेकायदेशीर नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीएने अशा सेवा वेगळ्या विकायला परवानगी दिली आहे. आवडीची सीट, खाणं, चेक-इन सामान, खेळाचं साहित्य, वाद्यं यांचे पैसे कंपनी वेगळे घेऊ शकते. पिण्याचं पाणी मात्र त्यातून वगळलं आहे.

पण त्याच नियमात एक अट आहे. या सेवा प्रवाशाने स्वतःहून निवडायच्या. आधीच टिक करून ठेवलेली सेवा त्याच्या गळ्यात मारायची नाही. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न' रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. ग्राहकाच्या नकळत बिलात वस्तू घालणं, 'नाही' म्हणणाऱ्याला अपराधी वाटेल अशी भाषा वापरणं, आधी कमी किंमत दाखवून शेवटी वाढवणं, असे तेरा प्रकार त्यात सांगितले आहेत. म्हणून पैसे भरायच्या आधीच्या शेवटच्या पानावर थांबायचं आणि बिलाची एकेक ओळ वाचायची. विमा, देणगी, 'फास्ट फॉरवर्ड', जेवण यांतलं मागितलं नसेल ते काढून टाकायचं.

आधी विमानतळ ठरवा, मग तिकीट

आपल्या भागाचं वैशिष्ट्य असं की चार-पाच विमानतळ आवाक्यात आहेत. बेळगावचं सांबरा, कोल्हापूरचं उजळाईवाडी, हुबळी, आणि गोव्यातली दाबोळी व मोपा ही दोन. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ साली ब्रिटिश हवाई दलाने बांधली. आजची प्रवासी इमारत सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. कोल्हापूरचं विमानतळ राजाराम महाराजांच्या काळातलं, १९३९ चं. तिथल्या नव्या टर्मिनलचं उद्‌घाटन १० मार्च २०२४ रोजी झालं. मोपा ५ जानेवारी २०२३ पासून प्रवाशांसाठी खुलं आहे.

पर्याय जास्त म्हणजे घोळही जास्त. गोव्याहून तिकीट हजार रुपयांनी स्वस्त दिसतं म्हणून घेतलं, तर तिथवर जाण्याचा खर्च किती? जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट करत गाडीने जायचं, तर पावसाळ्यात वेळेचा भरवसा नाही. चालक रिकामा परत येणार म्हणून दोन्ही बाजूंचं भाडं घेतो. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पण वाटेत कोगनोळीचा टोलनाका आहे. तेच बेळगावला यायचं तर अंतर जवळपास दुप्पट आणि हत्तरगीचा टोल. वर सांबरा शहराबाहेर, बागलकोट रस्त्यावर दहा-अकरा किलोमीटर पुढे.

म्हणून हिशोब असा मांडा : तिकीट, घरापासून विमानतळापर्यंतचं भाडं, टोल, उतरल्यानंतरचं भाडं, आणि सामानाचे पैसे. या पाचांची बेरीज जिथे कमी, ते विमान स्वस्त. गाडी ठरवताना तीन गोष्टी आधी विचारा. टोल भाड्यात आहे का, रिकाम्या फेरीचे पैसे धरलेत का, आणि दुसऱ्या राज्यात जायचं तर गाडीला ऑल इंडिया परमिट आहे का. नाहीतर सीमेवर चालक 'टॅक्स भरायचाय' म्हणून हात पुढे करतो.

बसने जाणार असाल तर राज्य कुठलं हेही बघायला लागतं. कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत राज्याच्या साध्या बसचा प्रवास मोफत आहे, पण ओळखपत्रावर कर्नाटकचा पत्ता लागतो. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. सांबऱ्याला जाणारी चंदगडची बाई आणि कोल्हापूरला जाणारी निपाणीची बाई, दोघींचा बसखर्च म्हणून वेगळा येतो.

एकाच शहरात दोन विमानतळ : कोड बघा

स्वस्त तिकिटाच्या नादात चुकीचं विमानतळ निवडलं जातं आणि टॅक्सीतच सगळी बचत जाते. तिकिटावर तीन अक्षरी कोड असतो, तो वाचायची सवय लावा.

- बेळगाव : आयएक्सजी
- कोल्हापूर : केएलएच
- हुबळी : एचबीएक्स
- गोवा दाबोळी : जीओआय
- गोवा मोपा : जीओएक्स
- मुंबई (सांताक्रूझ-अंधेरी भाग) : बीओएम
- नवी मुंबई : एनएमआय

नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालं आहे. परळच्या टाटा रुग्णालयात जायचं आणि उतरायचं पनवेलजवळ, किंवा काम वाशीत आणि उतरायचं अंधेरीला, असं झालं तर पैसे आणि वेळ दोन्ही जातात. बंगळूर आणि दिल्लीला टर्मिनल एकापेक्षा जास्त आहेत. तिथे टर्मिनलचा क्रमांकही लिहून ठेवा.

सामान : सगळ्यात मोठा भुर्दंड

देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्यांचा साधा नियम असा : चेक-इन सामान १५ किलो, हातातली बॅग ७ किलो. इंडिगोत हातातल्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून ११५ सेंटिमीटरच्या आत लागते. शिवाय पर्स किंवा लॅपटॉपची छोटी पिशवी चालते. पण तिकीट काढताना 'लाइट' किंवा 'फक्त हँड बॅग' असा प्रकार निवडला असेल, तर १५ किलो मिळत नाहीत. एअर इंडिया एक्सप्रेसने फेब्रुवारी २०२४ मध्ये असं 'एक्सप्रेस लाइट' भाडं आणलं. एका दिवसाच्या कामाला जाणाऱ्याला ते परवडतं. बॅग घेऊन जाणाऱ्याला मात्र काउंटरवर तिकिटात वाचलेल्या पैशापेक्षा जास्त मोजावे लागतात.

वजन जास्त झालं तर विमानतळावर किलोमागे साधारण ५०० ते ६०० रुपयांच्या घरात आकार पडतो. २०१६ मध्ये डीजीसीएने १५ ते २० किलोच्या टप्प्यासाठी किलोला शंभर रुपयांची मर्यादा घातली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि त्यानंतर दर कंपन्यांच्या हातात गेले. आता वाचायचं असेल तर घरीच वजन करायचं, दुसरा मार्ग नाही.

बॅग जड होते ती कपड्यांमुळे नव्हे, खाऊमुळे. लेकीला बेळगाव बासमती पाच किलो, कुंदा दोन डबे, गोकाकचं करदंट, कोल्हापूरचा गूळ, चंदगडचे काजू, वर आंब्याची पेटी. यातलं नेमकं काय न्यायचं, हे घरच्या काट्यावर ठरवा :

- एका माणसाच्या १५ किलोत बॅग एकच, असा नियम इंडिगोसह काही कंपन्यांचा आहे. आठ किलोची बॅग आणि पाच किलोची आंब्याची पेटी मिळून वजन १५ च्या आत असलं तरी दुसऱ्या नगाचे पैसे लागू शकतात. पेटी सोडून आंबे बॅगेत कपड्यांत गुंडाळून न्या, किंवा दोन माणसांत एकेक नग वाटून घ्या.
- घरातले सगळे एकाच पीएनआरवर असतील तर सामानाचं वजन बहुतेक वेळा एकत्र धरतात. काउंटरवर सगळ्यांनी मिळून जायचं. मात्र एका बॅगेचं वजन ३२ किलोच्या वर कुठल्याच परिस्थितीत नको.
- पाच-सहा किलो जादा होणारच असतील तर ते आधीच ऑनलाइन विकत घ्या. काउंटरवरच्या दरापेक्षा ते स्वस्त पडतात आणि गर्दीत बॅग उघडायची वेळ येत नाही.
- तांदूळ, गूळ असलं जड आणि न नासणारं सामान कुरिअरने किंवा ट्रान्सपोर्टने पाठवायला किती लागतं, ते एकदा विचारा. किलोला सहाशे रुपये देऊन नेलेला तांदूळ गावचा असला तरी परवडत नाही.
- रिकाम्या बॅगेचंही वजन असतं. जुनी कडक सुटकेस रिकामीच चार-पाच किलोची भरते. कापडी बॅग निम्म्या वजनाची मिळते.

सांबरा आणि कोल्हापूरसारख्या ठिकाणी छोटी विमानं येतात. इंडिगोचं एटीआर ७८ आसनांचं, स्टार एअरची एम्ब्रेअर विमानं ५० आणि ७६ आसनांची. यांत डोक्यावरचा कप्पा लहान असतो. मोठ्या विमानात सहज मावणारी ट्रॉली इथे दारातच घेऊन खाली पोटात टाकतात. तिथे शक्यतो पैसे घेत नाहीत, पण औषधं, दागिने, कागदपत्रं, पैसे वेगळ्या लहान पिशवीत हाताशी ठेवा.

सुरक्षा तपासणीत अडकणारं सामान

तपासणीत काढून टाकलेली वस्तू हेही नुकसानच. तिखट पूड आणि तेलाचं लोणचं हातातल्या बॅगेत चालत नाही. ते चेक-इन बॅगेत, झाकण नीट बंद करून. सुकं खोबरं दोन्हीकडे चालत नाही. देवाचा नारळ नेणाऱ्यांनी कंपनीला आधी विचारून घ्यावं. पॉवर बँक याच्या उलट, ती फक्त हातातल्या बॅगेत. काडेपेटी आणि लायटर कुठेच नाही, हे निपाणीकडच्या विडीवाल्यांनी विशेष ध्यानात ठेवावं. पॉवर बँक चेक-इन बॅगेत सापडली की बोलावून बॅग उघडायला लावतात, त्यात वेळ जातो आणि विमान सुटण्याची वेळ जवळ येते.

सीट : 'स्किप' शोधा

तिकीट काढताना सीटचा नकाशा पुढे येतो. प्रत्येक चौकोनावर दोनशे, साडेतीनशे, सहाशे असे आकडे असतात. बघणाऱ्याला वाटतं, सीट निवडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. तसं नाही. खाली किंवा कोपऱ्यात 'स्किप' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते दाबलं की कंपनी वेब चेक-इनच्या वेळी किंवा काउंटरवर आपणहून सीट देते, फुकट. तिकीट घेतलंय म्हणजे जागा आहे. पैसे लागतात ते आवडीच्या जागेचे.

लहान मुलांचं काय? एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने कंपन्यांना आदेश दिला की १२ वर्षांखालच्या मुलाला, एकाच पीएनआरवर असलेल्या आई-वडील किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी सीट द्यावी. म्हणून मुलाचं आणि मोठ्यांचं तिकीट एकाच बुकिंगमध्ये काढा. वेगवेगळं काढलं तर हा हक्क सांगता येत नाही आणि शेजारच्या सीटसाठी पैसे मोजायची पाळी येते.

वेब चेक-इन आणि बोर्डिंग पास

वेब चेक-इन बहुधा विमानाच्या ४८ तास आधी सुरू होतं. ते लवकर करा, म्हणजे फुकटच्या सीटमध्ये निवड मिळते. राहून गेलं तर घाबरायचं कारण नाही. काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी काही कंपन्या पूर्वी पैसे घेत. विमान नियम १९३७ मध्ये असा आकार बसत नाही, म्हणून तो घेऊ नये, असं नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं. कुणी मागितलेच तर हा संदर्भ सांगा आणि पावती मागा.

वेळ मात्र पाळायलाच हवी. देशांतर्गत विमानाचा काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो, आणि गेट २५ मिनिटं आधी. उशिरा पोचलात तर तुम्ही 'नो-शो', म्हणजे मूळ भाडं गेलं. हत्तरगीला ट्रक उलटला, घाटात दरड आली, ही सबब काउंटरवर चालत नाही. निपाणीहून सांबऱ्याला येणाऱ्यांनी विमानाच्या किमान साडेतीन-चार तास आधी घर सोडावं.

कन्व्हिनियन्स फी : माणशी आणि फेरीगणिक

शेवटच्या पानावर येणारी ही फी सगळ्यात फसवी. ती एका तिकिटाला नसते, बहुधा प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक फेरीला असते. तिकीट रद्द केलं तर ती परत मिळत नाही. एक हिशोब बघा. समजा चौघांचं कुटुंब जाऊन-येऊन निघालं, फी माणशी फेरीला ३०० रुपये, सीट माणशी २५० रुपये, आणि परतताना ६ किलो सामान जास्त, किलोला ५५० रुपये.

- फी : ४ माणसं × २ फेऱ्या × ३०० = २,४०० रुपये
- सीट : ४ × २ × २५० = २,००० रुपये
- सामान : ६ × ५५० = ३,३०० रुपये
- एकूण जादा : ७,७०० रुपये

यातले सीटचे दोन हजार आणि सामानाचे तेहतीसशे सरळ वाचतात. फीच्या बाबतीत यूपीआय, कार्ड, नेट बँकिंग, कंपनीचं वॉलेट असे पर्याय बदलून बघा. काहींना ती कमी लागते. कंपनीची स्वतःची साइट आणि तिकीट विकणारी इतर अॅप यांची तुलना पहिल्या पानावर करू नका, शेवटच्या पानावरची रक्कम समोरासमोर ठेवा.

नाव : एका अक्षराने अख्खं तिकीट जाऊ शकतं

हा विषय सीमाभागात सगळ्यात जास्त नडतो. इथे शाळेचा दाखला मराठीत, आधार कन्नड आणि इंग्रजीत, पासपोर्ट इंग्रजीत. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे नुसती आद्याक्षरं. एका कागदावर नावाला 'राव' जोडलेलं, दुसऱ्यावर नाही. लग्नानंतर बायकांचं नाव एका कागदावर बदललेलं आणि दुसऱ्यावर माहेरचंच. तिकिटावरचं नाव विमानतळावर दाखवायच्या ओळखपत्राशी जुळलं पाहिजे. परदेशी जाताना तर पासपोर्टशी अक्षर न अक्षर.

उपाय सोपा आहे. नाव तोंडी सांगून तिकीट काढायचं नाही. एजंटला ओळखपत्राचा फोटो पाठवा, आलेलं तिकीट त्याच मिनिटाला तपासा. तिकीट थेट विमान कंपनीच्या साइटवरून काढलेलं असेल आणि चूक २४ तासांच्या आत कळवली, तर त्याच माणसाच्या नावातली दुरुस्ती फुकट करून द्यायची, असा डीजीसीएचा नियम आहे. मुदत गेली की पैसे लागतात. आणि एका माणसाचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. भावाऐवजी भाऊ जाणार असेल तर नवं तिकीटच लागतं.

दोन वर्षांखालच्या बाळाचं भाडं नाममात्र असतं, पण जन्मदाखला बरोबर हवा. वयाचा पुरावा नसेल तर पूर्ण भाडं मागतात.

तिकीट रद्द केलं तर काय परत मिळतं?

'नॉन-रिफंडेबल' हा शब्द वाचून बरेचजण हात झटकतात. पण तिकिटात मूळ भाड्याशिवाय सरकारी कर आणि विमानतळाचा वापर आकार असतो. प्रवास केलाच नाही तर ही रक्कम परत द्यावीच लागते. स्वस्त योजनेतलं तिकीट असलं तरी आणि विमान चुकलं तरी. शिवाय रद्द करण्याचा आकार मूळ भाडं अधिक इंधन आकार यापेक्षा जास्त घेता येत नाही. एजंटकडून काढलं असेल तरी परतावा देण्याची जबाबदारी विमान कंपनीची आहे. एजंट आपली फी कापणार असेल तर ती आधी सांगितलेली पाहिजे.

२०१९ च्या प्रवासी सनदेप्रमाणे विमान सात दिवसांपेक्षा पुढे असेल, तर तिकीट काढल्यापासून २४ तासांत विनाआकार रद्द करता येतं. ही मुदत ४८ तास करण्याचा मसुदा डीजीसीएने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढला. तिकीट काढताना चालू मुदत साइटवर बघून घ्या.

उलट बाजूही लक्षात ठेवा. कंपनीने वेळेत न कळवता विमान रद्द केलं आणि कारण तिच्या हातातलं असेल, तर परताव्याशिवाय भरपाई मिळते. एका तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्यावर १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी ते. तुमचा मोबाईल नंबर तिकिटावर नसेल तर ही भरपाई मागता येत नाही. म्हणून एजंटच्या नंबरवर तिकीट काढू नका.

आखातात जाणाऱ्यांसाठी : दोन तिकिटांचा सापळा

सांबऱ्याहून बंगळूर किंवा मुंबई, आणि तिथून दुबई, मस्कत, दोहा. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात म्हणून एजंट तशी काढून देतात. परदेशी विमानाला सामान २०-३० किलो असतं, पण देशातल्या तुकड्याला १५ किलोच. मग सांबऱ्यालाच दहा-पंधरा किलोचे पैसे भरायची वेळ येते. पहिल्या पगाराआधीच सात-आठ हजार गेले तर घरून कर्ज काढून निघालेल्या पोराने काय करायचं? एकाच पीएनआरवर पूर्ण प्रवास असेल तर बहुधा परदेशी प्रवासाची मर्यादाच पहिल्या तुकड्याला लागू होते. पहिलं विमान उशिरा आल्याने पुढचं चुकलं तर पुढच्या सोयीची जबाबदारीही कंपनीवर येते. दोन वेगळ्या तिकिटांत ती तुमच्यावर. दोन-तीन हजार जास्त पडले तरी एकच पीएनआर मागा.

सवलती कुणाला?

विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक आणि सैनिक यांना कंपनीनुसार भाड्यात सूट किंवा जादा सामान मिळतं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, व्हीटीयू, राणी चन्नम्मा विद्यापीठ, केएलई अशा संस्था असल्याने याचा फायदा घेणारे पुष्कळ आहेत. सवलत तिकीट काढतानाच निवडावी लागते, नंतर जोडता येत नाही. ओळखपत्र बरोबर नसेल तर फरकाचे पैसे भरून घेतात. दिव्यांग आणि चालता न येणाऱ्या प्रवाशांना व्हीलचेअरचे पैसे नाहीत. मात्र ४८ तास आधी कळवा.

'उडान' योजनेचं स्वस्त तिकीट अजून मिळतं का, असं बरेचजण विचारतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये आलेल्या या योजनेत तासाभराच्या उड्डाणाला काही जागा अडीच हजारांच्या मर्यादेत देण्याची कल्पना होती. २०१९ मध्ये तिसऱ्या फेरीत बेळगावला बरेच मार्ग मिळाले. पण सरकारी मदत एका मार्गाला तीन वर्षांपुरती असते. मुदत संपली की भाडं बाजाराप्रमाणे. म्हणून जुन्या दरावर विसंबू नका.

तक्रार कुठे?

चुकीचे पैसे घेतले असं वाटलं तर आधी काउंटरवर पावती घ्या आणि बिलात कशाचे पैसे हे लिहून मागा. पावतीशिवाय पुढे काही चालत नाही. त्यानंतर विमान कंपनीकडे लेखी तक्रार, आणि उत्तर नाही आलं तर केंद्र सरकारच्या 'एअरसेवा' पोर्टलवर. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही.

शेवटचा मार्ग ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. विमान कंपनीचं कार्यालय दिल्ली-गुरुग्रामला असलं तरी तिथे जायला नको. निपाणी, खानापूरच्या माणसाने बेळगावात दाद मागायची, चंदगड-कागलच्या माणसाने कोल्हापुरात. कोल्हापूरच्या विमानतळावर पैसे गेले आणि राहायला निपाणी, तरी बेळगावात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

निघण्याआधी एकदा तपासा

१. विमानतळाचा कोड आणि टर्मिनल बरोबर आहे का?
२. भाड्याचा प्रकार 'लाइट' आहे की सामानासकट?
३. तिकिटावरचं नाव ओळखपत्राप्रमाणेच आहे का?
४. मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचाच आहे का?
५. मोठी बॅग १५ किलो, हातातली ७ किलो, नग किती, हे घरच्या काट्यावर बघितलं का?
६. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, लोणचं-चटणी मोठ्या बॅगेत, काडेपेटी घरी, असं झालं का?
७. वेब चेक-इन केलं का, आणि बोर्डिंग पासचा फोटो मोबाईलमध्ये ठेवला का?

कंपन्यांचे दर आणि मर्यादा अधूनमधून बदलतात. प्रवासाच्या दोन दिवस आधी कंपनीच्या साइटवर आपला पीएनआर टाकून सामानाची मर्यादा एकदा वाचून घ्या. घरात पहिल्यांदाच विमानाने जाणारं कुणी असेल तर ही यादी त्यांना पाठवा, आणि बॅग भरताना काटा जवळ ठेवायला सांगा.